युगेंडआम्टची भीती आणि कोरा जन्मदाखला

तुम्ही लिहिलंय: ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांचा राहण्याचा परवाना) जर्मनीत स्टुटगार्टला यायचंय, मुलगी पाच वर्षांची, बायकोला पाचवा महिना. आणि सासऱ्यांनी बाळ सरकारने ताब्यात घेतलेल्या बर्लिनच्या त्या गुजराती कुटुंबाची बातमी पाहिल्यापासून नाशिकच्या घरात एकच धोशा, "तिकडे सरकार मुलं काढून नेतं." आम्ही २०१२ साली निघालो तेव्हा नॉर्वेतल्या बंगाली जोडप्याची मुलं अशीच काढून नेल्याची बातमी चालू होती. माझ्या आईने तेव्हा हेच ऐकवलं होतं.

युगेंडआम्ट म्हणजे इथलं बालकल्याण खातं, प्रत्येक शहराचं किंवा जिल्ह्याचं स्वतःचं. मुलं ताब्यात घेणं हे त्याच्या कामांपैकी एक. फुकट समुपदेशन, अडचणीतल्या आईच्या मदतीला घरी येणारी बाई, हेही तेच खातं बघतं. किटाच्या (इथलं पाळणाघर-बालवाडी) जागेसाठीही बहुधा त्यांच्याकडेच भांडावं लागतं. मूल एक वर्षाचं झालं की किटात जागा हा १ ऑगस्ट २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही! आम्ही आठ महिने थांबलो. मुलीचं नाव यादीत आजच घाला.

आता भीतीचं. सन २००० पासून इथल्या नागरी कायद्यात मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क आहे. धपाटासुद्धा नाही, आणि घालूनपाडून बोलणंही त्यात येतं. आपल्याकडे "एक ठेवून देईन" हे बोलण्यापुरतं असतं, पण पाच वर्षांची पोरगी किटात जाऊन ते जसंच्या तसं सांगते. तेवढ्याने कोणी मूल उचलत नाही. किटातल्या बाई आधी तुम्हाला बोलावतात, मग गरज वाटली तर युगेंडआम्टला कळवतात, आणि युगेंडआम्टची माणसंही बहुतेक वेळा आधी घरी येऊन बोलतात. तातडीचा धोका दिसला तर मात्र मूल लगेच ताब्यात घेता येतं. अशा वेळी "आमचा विरोध आहे" हे स्पष्ट सांगायचं. मग त्यांना मूल परत द्यावं लागतं, नाहीतर विनाविलंब कौटुंबिक न्यायालयात जावं लागतं. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा. शेजारचा हिंदी बोलणारा मुलगा म्हणजे दुभाषा नव्हे.

बर्लिनची केस २०२१ ची. सात महिन्यांच्या बाळाची जखम इस्पितळात दिसली आणि तिथून कळवलं गेलं. फौजदारी चौकशी २०२२ मध्ये बंद झाली, तरी २०२३ मध्ये कौटुंबिक न्यायालयाने ताबा आईवडिलांना दिला नाही. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या चालतात, हे आपल्या लोकांना कळत नाही. खरंखोटं मी ठरवणार नाही, पण त्यावरून एक सवय लागली: बाळ पडलं-धडपडलं की त्याच दिवशी डॉक्टर, आणि काय झालं ते दोघांनी एकसारखं, नीट सांगायचं.

तुमच्या येणाऱ्या बाळासाठी एक खास गोष्ट. आपल्या बऱ्याच बाळांच्या कमरेखाली निळसर डाग असतो, जन्मतःच. माझ्या मुलाचा तळहाताएवढा होता. किटात नव्याने लागलेली बाई डायपर बदलताना तो बघून गप्पच झाली, आणि संध्याकाळी मला बाजूला घेतलं. मी पिवळी वही उघडून दाखवली. जन्मापासूनच्या तपासण्यांची ही वही प्रत्येक बाळाला मिळते. डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत डागाची नोंद केली होती, विषय तिथेच संपला. नोंद मागून घ्या. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे या तपासण्या सक्तीच्या आहेत, चुकवू नका. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, खर्च विम्यातून. आमची फार प्रेमळ होती, पण काजळाची डबी आणि बाळगुटी तिच्यासमोर काढल्यावर जे व्याख्यान झालं ते सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

पैशांचं थोडक्यात. किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) प्रत्येक मुलामागे २०२५ मध्ये महिना २५५ युरो होतं, २०२६ पासून २५९. पगार कितीही असो, मिळतं. ते युगेंडआम्ट देत नाही, फामिलियनकासे हे वेगळं सरकारी कार्यालय देतं, आणि अर्ज उशिरा केला तर मागचं फक्त सहा महिन्यांचं मिळतं. एल्टर्नगेल्ड (बाळ झाल्यावर घरी राहणाऱ्या आईबापाला मिळणारा भत्ता) महिना ३०० ते १८०० युरो, पण हिशेब बाळ होण्याआधीच्या इथल्या कमाईवर. पुण्या-नाशिकचा पगार धरत नाहीत, त्यामुळे तुमच्या बायकोला ३०० च धरा. मागचं तीनच महिन्यांचं मिळतं.

मुलीचं लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय किटा घेत नाही. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाली की ती बुडवून गणपतीला जाता येणार नाही, दंड होतो. गणपती ऑगस्टअखेर आले तर उन्हाळी सुट्टीत सापडतात. २०२६ मध्ये ते १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे सुट्टी संपल्यावर दोनच दिवसांनी.

या सगळ्याआधी मात्र तुम्हा दोघांचे जन्मदाखले काढून बघा. बाळाच्या नोंदणीला आईबापाचे दाखले आणि लग्नाचं प्रमाणपत्र लागतं, जर्मन भाषांतरासह. माझ्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती, कारण नोंद बारशाआधीची! महापालिकेतून नाव चढवून कागद येईपर्यंत बाळाचा जन्मदाखला अडला, आणि त्यामागे पासपोर्टसकट सगळं अडलं. हे काम नाशिकला असतानाच उरका.