इंटरमध्ये फसला म्हणून शिफो फ्लॉप?

प्रश्न: बेल्जियमचा फुटबॉल म्हटलं की आम्हाला डी ब्रॉयना नि हझार्ड आठवतात, पण जुने लोक सारखं एन्झो शिफो एन्झो शिफो करतात. इंटर मिलानमध्ये तर गडी एकच सीझन टिकला. मग एवढं कौतुक कशाचं?

उत्तर: अहो, तो एक सीझन सोडून बाकीचं बघा की! ला लुव्हियेरकडचा पोरगा, आईवडील सिसिलीचे, 1983 ला सतराव्या वर्षी बेल्जियमच्या अँडरलेख्ट क्लबकडून खेळायला लागला, पुढच्याच वर्षी बेल्जियमचं नागरिकत्व घेऊन थेट युरो कपमध्ये, आणि 1986 च्या वर्ल्डकपमध्ये विशीतच टीमचा मेंदू. तिथे सोव्हिएत युनियनला 4-3 ने हरवलं त्या मॅचमध्ये बेल्जियमचा पहिला गोल याचाच, सेमीफायनलला मात्र मॅराडोना आडवा आला, त्याला कोण काय करणार.

इंटरने 1987 ला घेतला तेव्हा वय 21. त्या काळी इटलीत एका क्लबला दोनच परदेशी खेळाडू चालायचे, म्हणजे परदेशातून आणलाय ना, मग पहिल्या दिवसापासून मॅच जिंकून दे असा हिशोब. ते जमलं नाही, फ्रान्सच्या बोर्डोला लोनवर, म्हणजे उसना पाठवला, तिथेही रंग चढला नाही. माझ्या मते पोरगा घाईने विकला गेला, बाकी काही नाही. कारण 1989 ला तो ओसेरला गेला, फ्रान्समधलाच छोटा क्लब, कोच गी रू, आणि तिथे खेळ असा काही परत आला की दोन वर्षांत इटलीनेच पुन्हा बोलावलं, यावेळी तोरिनोने.

तोरिनोचा किस्सा तर ऐकाच. 1992 ची यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल, दोन मॅचची, हॉलंडच्या आयाक्सशी, घरी 2-2, ॲमस्टरडॅममध्ये 0-0, तिथे तीनदा बॉल पोस्ट नि बारला लागला, कोच मोंडोनिको वैतागून खुर्चीच डोक्यावर उचलून उभा! अवे गोलवर कप गेला, म्हणजे एकूण गोल सारखे झाले की दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकायचा. पुढच्या वर्षी कोपा इटालिया, म्हणजे इटलीच्या कपची फायनल, रोमाला घरी 3-0 हरवलं, रोममध्ये 5-2 ने मार खाल्ला, एकूण 5-5, आणि कप तोरिनोला, कशावर? अवे गोलवरच.

नंतर मोनाको, तिथे 1997 ची फ्रेंच लीग जिंकली, ऑन्री नि ट्रेझेगे तेव्हा कोवळी पोरं होती त्या टीममध्ये. मग परत अँडरलेख्ट, 2000 ला तिथेही लीग.

प्रश्न: चार वर्ल्डकप खेळला हे खरं का? त्यातला बेस्ट कुठला?

उत्तर: खरंय, 1986, 90, 94, 98. देशासाठी 84 मॅच, 18 गोल. लोक 86 म्हणतील, मी 90 म्हणेन. उरुग्वेविरुद्धचा तो लांबून हाणलेला गोल शोधून बघाच, आणि मग इंग्लंडची मॅच, शिफोचा शॉट इंग्लंडचा गोलकीपर शिल्टनला चकवून पोस्टला लागतो, आधी बेल्जियमच्याच क्यूलमन्सचाही लागलेला, आणि एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटांत इंग्लंडचा प्लॅट वळून व्हॉली मारतो, खेळ खलास. त्या दिवशी बेल्जियमच जास्त चांगलं खेळलं, इंग्लंडवाल्यांना राग आला तर येऊ दे.

प्रश्न: रिटायर का झाला?

उत्तर: कंबरेच्या सांध्याने दगा दिला. शेवटी बेल्जियमच्याच शार्लरुआ क्लबकडून खेळला, मग 2001 ला थांबला आणि कोचिंगकडे वळला, पण त्यात खेळाडू म्हणून होती तेवढी मजा काही आली नाही.