मित्रच आहे, मग भीती कसली वाटते?

“भांडणं कुठल्या मैत्रीत होत नाहीत? मीच जरा जास्त मनाला लावून घेतो का?”

विशीतली मुलं-मुली हा प्रश्न वारंवार विचारतात. जोडीदाराने छळलं तर निदान जवळची माणसं चौकशी करतात. मित्राने दिलेला त्रास मात्र कुणी त्रासात धरतच नाही, सोसणारासुद्धा.

तेवीस वर्षांचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आला होता. मित्राचा विषय बऱ्याच उशिरा निघाला, तोही हसत हसत. कॉलेजपासूनची दोस्ती, आता एकाच खोलीत राहणं. मित्र चारचौघांत याच्या अडखळत बोलण्याची नक्कल करायचा, टपल्या मारायचा. टपलीची पुढे थोबाडीत झाली. हा चिडला की, “मस्करी कळत नाही का रे तुला?” फोनचा पासवर्ड मित्राकडे. दुसऱ्या कुणाबरोबर फिरायला गेला की अबोला. आणि याने विश्वासाने सांगितलेली घरातली एक गोष्ट होती, तिच्यावरून अधूनमधून, “टाकू का ग्रुपवर?”

मी विचारलं, “त्याला शेवटचं ‘नाही’ कधी म्हणालास?” त्याला आठवेना.

मैत्रीतल्या छळाची मी खूण धरते ती हीच. चांगले मित्रही टाकून बोलतात, रुसतात. पण ‘नाही’ म्हटल्यावर तो रुसवा निवळतो, की त्याची शिक्षा भोगावी लागते? आणि ती शिक्षा टळावी म्हणून आपण काय काय आधीच सोडून दिलंय? समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये जोडप्यांबद्दल मांडलं होतं की, मारहाणीइतकंच मोठं नुकसान रोजचं स्वातंत्र्य हिरावलं जाण्यात असतं. मैत्रीत मला तेच दिसतं.

“मग सोडत का नाहीस?” असं मी कुणाला विचारत नाही. हाच मित्र याच्या आजारपणात रात्रभर जागला होता. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबत राहतात, ती सवय लवकर सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं. माणसंही अशीच त्या मायेच्या एखाद्या दिवसाची वाट बघत राहतात.

प्रकरण मारण्यापर्यंत गेलं होतं, म्हणून आधी तयारी केली. मावसभावाला सगळं सांगून ठेवलं, धमकीचे मेसेज जपले, वेळ आली तर राहायचं कुठे ते ठरवलं. मग पासवर्ड बदलायचा आणि विचारलं तर एवढंच म्हणायचं, “माझा फोन मीच वापरणार.” कारणं द्यायची नाहीत, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

पुढे काय होऊ शकतं तेही त्याला सांगून ठेवलं होतं. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये एक क्रम नोंदवला आहे: आधी साफ नाकारायचं, मग समोरच्यावर उलटायचं, शेवटी आपणच बिचारे ठरायचं. अगदी तसंच झालं. “मी कधी फोन बघितला?”, “तूच स्वार्थी आहेस”, मग रडणं. आणि त्यानंतर, “तू गेलास तर मी जीव देईन.”

इथे बहुतेक जण माघारी फिरतात. अशी धमकी नाटक समजून सोडायची नाही, पण एकट्याने अंगावरही घ्यायची नाही. त्याने लगेच मित्राच्या मोठ्या भावाला फोन केला, तो पोहोचेपर्यंत थांबला आणि मग बॅग उचलून मावसभावाकडे गेला. मित्राच्या जिवाची काळजी घेतली म्हणून त्याच्याच खोलीत राहायला हवं असं काही नसतं. भाऊ येणार नसता, तर आपत्कालीन मदत बोलवायचं ठरलं होतं.

ग्रुपमधले बरेचसे आजही याच्यावरच नाराज आहेत. आणि त्याला त्या मित्राची आठवण येते. “म्हणजे माझं चुकलं का?” असं तो विचारतो. जिव्हाळा खरा होता, म्हणून आठवण येते. थोबाडीतही खरीच होती. सध्या आमचा जास्त वेळ यावर बोलण्यातच जातो.