मिस्टरांना पिस्तूल घ्यायचंय

अमेरिकेत टेक्सास राज्यात डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मागच्या गल्लीत घरफोडी झाली, तेव्हापासून त्यांच्या मिस्टरांनी पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलंय. ग्रीनकार्ड नुकतंच हातात पडलंय, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. घरात नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. शाळेत लॉकडाउन ड्रिल, म्हणजे बंदूकवाला शिरला तर दार लावून लपायचा सराव, झाल्यापासून मुलगी रात्री एकटी झोपत नाही. मंडळाच्या गणपतीत विषय निघाला, तर निम्मे जण म्हणाले, "दोष बंदुकीचा नाही, माणसाच्या डोक्याचा." बाकीचे म्हणाले, "कायदाच धड नाही इथे." ताई विचारतात, खरं कोणाचं, आणि आम्ही करायचं काय?

ताई, आधी वादाचं बोलते. मानसिक आजार, व्हिडिओ गेम, एकटी पडलेली मुलं, सगळं खरं आहे. पण जपानमध्ये मुलं गेम खेळत नाहीत का? ब्रिटनमध्ये नैराश्य नाही? तरी तिथे गोळीनं मरणारी माणसं अमेरिकेच्या मानानं अगदी कमी. फरक पडतो तो बंदूक किती सहज हाताला लागते याचा. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जणांचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या सरकारनं कायदा कडक केला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेतल्या. अमेरिकेत ते होणं अवघड आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती आहेच, आणि घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये दिला. त्या चौकटीत राहून जे होतं, ते बरंचसं राज्याच्या हातात असतं. न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायच्या आधी पोलिसांकडून परवाना काढावा लागतो. टेक्सासात सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला कुणी चुलतभाऊ असेल, तर त्याचा सल्ला तुमच्या गावाला लागू होत नाही. आणि नागरिकत्व मिळेल तेव्हा राज्याच्या निवडणुकीचं मतदान चुकवू नका. आपली माणसं अध्यक्ष निवडायला उत्साहानं जातात, राज्याच्या आमदाराचं नावही त्यांना ठाऊक नसतं.

मात्र या वादात एक गोष्ट मागे पडते, आणि मला तुमच्या घरासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२३मध्ये अमेरिकेत बंदुकीनं सुमारे ४६,७०० माणसं गेली. त्यातल्या २७ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या दिवसच्या दिवस चालतात, पण निम्म्याहून अधिक मृत्यू असे, बहुतेक घरातल्या घरात, गाजावाजा न होता होतात. औषधाच्या गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. बंदूक हातात असेल तर दहातले नऊ जण वाचत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनातली अशी लाट कधीकधी तासाभराचीच असते. मार्क, प्रवेश, कुणीतरी नाही म्हटलं, मित्रांनी गटातून काढलं, एवढं पुरतं. "आमच्या घरात असं काही नाही" असं आपण म्हणतो, कारण आपल्या घरात यावर कुणी बोलतच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडेपर्यंत पिस्तूल घेऊ नका. चोर येतात ते सहसा घर रिकामं बघून. अलार्म, बाहेर आपोआप लागणारे दिवे, मागच्या दाराला मजबूत कडी, यांचा उपयोग जास्त. कुलपात ठेवलेलं पिस्तूल त्या क्षणी हाताशी नसतं, आणि हाताशी ठेवलं तर ते मुलाच्याही हाताशी असतं.

मिस्टर तरीही ऐकले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञ सांगतात तेवढं तरी पाळा: पिस्तूल रिकामं, कुलपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. कुलपाचा नंबर लग्नाच्या तारखेचा नको, मुलांना तो पहिल्या फटक्यात सुचतो. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या हायस्कूलमध्ये २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. ते पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी आणलं होतं. २०२४मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. टेक्सासातही भरलेली बंदूक नीट बंदोबस्तात न ठेवल्यामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगते. तुम्ही अजून एच-१बी (नोकरीच्या), एच-४ (त्यांच्या कुटुंबाच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ऑफिसातले सहकारी "चल, रेंजवर मजा येते" म्हणतात, नेमबाजीच्या त्या जागी भाड्याची बंदूक हातात घेणंही यात येऊ शकतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देश सोडायची वेळ येऊ शकते. वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

ताई, दुसरा धोका तुमच्या घराबाहेरचा आहे. इथे दहातले चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. मुलगी मैत्रिणीकडे झोपायला जाते तेव्हा केकात अंडं आहे का, हे आपण बिनदिक्कत विचारतो. बंदुकीचं विचारायला मात्र जीभ रेटत नाही, समोरच्याला राग येईल असं वाटतं. मेसेज असा करा: "शनिवारी ती येतेय. तिला शेंगदाणे चालत नाहीत. आणि मी सगळ्याच घरी विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का? असली तर कुलपात असते ना?" बंदूक सांभाळून ठेवणाऱ्यांना याचा राग येत नाही, उलट ते कुठे ठेवतात तेही सांगतात. उत्तर गोलमाल आलं तर मैत्रिणीला तुमच्याकडे बोलवा. आणि मराठी घरांनाही विचारा.

धाकटीला "काही होणार नाही गं" म्हणून गप्प बसवू नका. ड्रिलमध्ये बाईंनी काय सांगितलं, ती कुठे बसली, कशाची भीती वाटली, ते तिच्या तोंडून ऐका. आगीच्या ड्रिलसारखाच हा सराव, असं सांगा. पुढचं ड्रिल कधी आहे ते शाळेकडून आधी कळवून घ्या, म्हणजे आदल्या रात्री तिच्याशी बोलता येईल. गोळीबाराच्या बातम्या ती जागी असताना टीव्हीवर लावू नका.

मोठ्याशी बोलायला जेवणाचं टेबल नको, गाडी बरी. शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत मुलं जास्त बोलतात. "जगणं नकोसं वाटतं का रे कधी?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याचं उत्तर हो आलं तर रागावू नका, उपदेश नको, रडारडही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्रीची वेळ असेल तर ९८८ या मदतवाहिनीला फोन लावा, तिथे चोवीस तास माणूस बोलायला असतो. हा नंबर त्याच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा, आणि मिस्टरांच्याही.