बीपीचे पेशंट परत का येत नाहीत? आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) झालेला घोळ

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून जुने दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय की क्वालिटी टीम आहे, दरमहा मीटिंग होते, इतिवृत्त फोटोसकट वर जातं, आणि बीपीचे पेशंट दोन महिन्यांत गायब. आमच्याकडेही डिट्टो हेच.

टीम, रजिस्टर, एनक्यूएएसची (सरकारी दवाखान्यांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची) चेकलिस्ट हे तुम्हाला येतंच. माझी चूक तेवढी सांगतो. पेशंट येत नाहीत म्हणजे आशाताई फॉलोअप करत नाहीत, असं मी धरूनच चाललो. चार मीटिंगा त्यांना झापण्यात गेल्या. पाचव्या मीटिंगला आमचे फार्मासिस्ट कसल्याशा सहीसाठी आले (टीममध्ये त्यांचं नावच नव्हतं!) आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, आपण बीपीची गोळी, अॅम्लोडिपिन, दहा दिवसांचीच देतो. महिन्यातून तीनदा रोजगार बुडवून कोण येणार?" मी केसपेपरवर तीस दिवस लिहीत होतो, खिडकीतून दहाच गोळ्या जात होत्या. साठा लवकर संपू नये म्हणून.

मग मागणी वाढवली. वरच्या एका कार्यालयाचं उत्तर: "मागच्या वर्षीच्या खपाप्रमाणेच मिळेल." अहो, देतच नव्हतो तर खप दिसणार कुठून? प्रस्ताव तीनदा परत आला, एकदा तर जावक क्रमांक पुसट दिसतो म्हणून. अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी खपाचा आकडा सोडला आणि नोंदणीचा धरला. 200 पेशंट, रोज एक गोळी, म्हणजे महिन्याला 6000. यादी जोडली तेव्हा कुठे मंजुरी आली. तोवरची नड रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून भागवली. (तुमच्याकडे स्थानिक खरेदीचे नियम काय आहेत ते आधी विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.)

सुरुवात एकाच उपकेंद्रापासून करा, सगळीकडे एकदम नको. आम्ही बाजाराच्या दिवशी तीस दिवसांच्या गोळ्या द्यायला लागलो. प्रत्येक पेशंटचं कार्ड त्याच्या पुढच्या भेटीच्या महिन्याच्या खोक्यात ठेवलं. महिना संपला आणि कार्ड त्याच खोक्यात राहिलं, की तो पेशंट आला नाही. मग आशाताईंना नाव द्यायचं, ओरडायचं नाही. मोजायचं एकच: गेल्या तीन महिन्यांत शेवटच्या भेटीला बीपी 140/90 च्या खाली असलेले किती जण होते. माझ्या मते पोर्टलवरचे बाकीचे रकाने टीमसमोर आणूच नयेत, पण हे माझं मत.

आणि हो, मीटिंग लसीकरणाच्या दिवशी ठेवू नका. एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) मनाने तिथे नसतातच. शिपाईमामांनाही बसवा. केसपेपरच्या रांगेत कोण कंटाळून परत जातं, ते त्यांनाच माहीत असतं.