वेट लिहूनही झिपमध्ये बिलं कमी का येतात?

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आंब्याच्या पेट्यांची १५० बिलं बॅश स्क्रिप्टने (कमांड ओळीने चालवणाऱ्या फाइलने) पीडीएफ करायची, प्रत्येक बिल & लावून बॅकग्राउंडला सोडलंय, खाली वेट (मागे सोडलेली कामं संपेपर्यंत थांबणारी कमांड) आहे, मग झिप करून वाशीला पाठवायचं. तरी झिपमध्ये बिलं कमी येतात, काही उघडतच नाहीत. वेटखाली स्लीप १० (दहा सेकंद नुसतं थांबणं) टाकल्यावर दहा बिलांना चाललं, दीडशेला नाही.

स्लीप आधी काढून टाका. त्याने दुखणं झाकलं जातं, एवढंच.

तुमच्या वेटमध्ये बिघाड नाही. ज्या कामांसाठी थांबायचं ती त्याला ठाऊकच नाहीत. तुम्ही बिलांची यादी कॅट कमांडने वाचून पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या | चिन्हाने) व्हाइल लूपला दिली आहे. बॅश पाइपच्या उजवीकडचा लूप वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या दुसऱ्या प्रतीत, चालवतं. त्यामुळे दीडशे कामं त्या सबशेलची मुलं (त्याने सुरू केलेली कामं) झाली, तुमच्या मूळ स्क्रिप्टची नाहीत. लूप संपला की सबशेलही संपतो, कामं मागे चालूच राहतात, आणि मूळ स्क्रिप्टमधला वेट आपलं एकही मूल नाही म्हणून तत्काळ परत येतो. बंदरावर तांडेल आपल्या होडीचे खलाशी मोजतो, शेजारच्या होडीवर कोण गेलं ते त्याला कसं कळणार?

उपाय एका ओळीचा आहे. पाइप काढा आणि यादी लूपच्या शेवटी द्या: डन < यादी.टीएक्सटी. आता लूप मूळ शेलमध्येच चालेल आणि वेट खरोखर थांबेल.

पण इथेच थांबू नका, कारण पुढची चूक मला महागात पडली आहे. रत्नागिरीत मी दोन-तीन बागायतदारांची अशीच बिलं काढून देतो. एका हंगामात अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री डिस्क भरली आणि एक पीडीएफ शून्य बाइटचा झाला. स्क्रिप्टच्या शेवटी नुसता वेट होता. काहीही न देता लिहिलेला वेट सगळी मुलं संपेपर्यंत थांबतो, पण ती यशस्वी झाली की पडली हे सांगत नाही. तो शून्यच, म्हणजे 'सगळं ठीक', परत देतो. स्क्रिप्टने 'पूर्ण' छापलं, मी झोपलो, आणि ते बिल ज्यांचं होतं त्या बागायतदार काकांचे पैसे तीन आठवडे अडकले. हे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून प्रत्येक कामाला वेगळं विचारायचं. & नंतर लगेच $! मध्ये त्या कामाचा पीआयडी (ओळख क्रमांक) मिळतो. तो बिल क्रमांकासकट ॲरेत (स्क्रिप्टमधल्या यादीत) ठेवा. मग दुसऱ्या लूपमध्ये एकेक पीआयडी देऊन वेट करा. आता त्या कामाचा स्वतःचा निकाल हाती येतो. शून्य नसेल तर बिल क्रमांक छापा आणि झिप करूच नका. निकाल १२७ आला तर बहुधा तो पीआयडी या शेलचा नाही, म्हणजे कुठेतरी पुन्हा सबशेल शिरलाय.

दीडशे कामं एकदम सोडणंही बरं नाही, ४ जीबीचा लॅपटॉप घुसमटतो. चार-चारच्या खेपा करा: चार सोडा, चौघांचे निकाल घ्या, मग पुढचे चार. बॅश ४.३ पासून वेट -एन आहे, कुठलंही एक काम संपलं की तो परत येतो, त्यामुळे वेळ वाचतो. पण मॅकवर अजून ३.२ च येतं, तिथे तो मिळणार नाही. हिशेबाच्या कामाला मी खेपाच वापरतो. थोडा उशीर चालेल, पण कुठलं बिल पडलं हे स्पष्ट दिसायला हवं.

आणखी एक. पीडीएफ थेट अंतिम नावाने लिहू नका. आधी .टेम्प नावाने बनवा, काम नीट संपल्यावरच एमव्ही कमांडने नाव बदला. मधेच लाइट गेली तरी अर्धवट फाइल झिपमध्ये शिरणार नाही.

हंगामाआधी एकदा मुद्दाम बिल ७ च्या कामात एक्झिट १ (काम पडलं असं सांगून बाहेर पडणं) घालून चालवून बघा. झिप तयार झालंच, तर दुसरा लूप निकाल तपासत नाहीये. तेवढा भाग इथे टाका, मी बघतो.