पुरळ कशामुळे आले आणि चूक कोणाची

"सगळं करून पाहिलं, पण तोंडावरचं पुरळ काही जात नाही," हे वाक्य माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा ऐकले आहे की त्याच्या मागोमाग कोणता प्रश्न येणार हे मला ठाऊक असते. तो प्रश्न असतो, "माझं नेमकं काय चुकतंय?" महाविद्यालयात जाणारी मुले-मुली तो विचारतात, लग्नाला आलेल्या मुलींच्या आया विचारतात, आणि अलीकडे तिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियाही विचारू लागल्या आहेत. पुरळ हा त्वचेचा विकार असल्यामुळे त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे, असा माझा आग्रह असतो आणि पहिल्याच भेटीत मी तो बोलून दाखवते. तरीही ही माणसे माझ्याकडे का येतात, याचा विचार करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांना पुरळाचे कारण नको असते, आरोपी हवा असतो, आणि दुसरा कोणी सापडला नाही की ती स्वतःलाच पिंजऱ्यात उभे करतात.

हे मला ज्या मुलीमुळे स्पष्ट झाले, तिला आपण मृण्मयी म्हणू. तिचे नाव आणि काही तपशील अर्थातच बदलले आहेत. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी ही एकवीस वर्षांची मुलगी आईबरोबर सांगलीला माझ्याकडे आली, तेव्हा दुचाकीवर बसताना मुली बांधतात तसा स्कार्फ तिने डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता आणि खुर्चीत बसल्यावरही तो सोडला नाही. दोन भेटी मी तिच्या डोळ्यांशीच बोलले. बोलण्याचे काम प्रामुख्याने आईने केले: जायफळ दुधात उगाळून लावले, मुलतानी माती झाली, लिंबू झाले, रक्तशुद्धीचे काढे झाले, उष्णता कमी व्हावी म्हणून सब्जा आणि गुलकंद झाला. "आणि तळलेलं तर मी घरात बंदच केलंय," असे सांगून त्या मुलीकडे अशा नजरेने पाहू लागल्या, जणू बाहेर कुठे तिने भजी खाल्ली असतील तर ती आता कबूल करावीत.

तिसऱ्या भेटीत मृण्मयी एकटी आली आणि तिने पर्समधून एक ट्यूब काढली. शेजारच्या वहिनींनी सुचवलेली आणि मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली ही क्रीम ती वर्षभर लावत होती. पहिल्या पंधरवड्यात चेहरा इतका नितळ झाला की मैत्रिणींनी नाव विचारून घेतले. नंतर मात्र दोन दिवस क्रीम लावली नाही की गाल लाल होत, उन्हात आग होई आणि पूर्वीपेक्षा दुप्पट पुरळ उठे. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावे होती: एक स्टेरॉइड, त्वचा उजळवणारे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. अशी मिश्रणे वांगासारख्या विकारांवर, तीही थोड्या काळासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. स्टेरॉइडमुळे सूज आणि लाली तात्पुरती दबते, पण ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे पुरळ येते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी गोरेपणाच्या मोहापुढे हा नियम किती टिकतो, ते कोणत्याही गावातील औषधाच्या दुकानात पाहता येईल. औषध देणे किंवा बंद करणे हा माझा अधिकार नाही. म्हणून मी तिला त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. जाताना ती म्हणाली, "म्हणजे ही पण माझीच चूक." मी त्यावर काही बोलले नाही, पण वाक्य टिपून ठेवले.

त्यापुढच्या भेटीत तिने वही आणली. दोनशे पानी, रेघी, वर नीट वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली. अकरा महिन्यांच्या प्रत्येक दिवसाची त्यात नोंद होती: काय खाल्ले, किती वाजता झोपले, पोट साफ झाले की नाही. ज्या दिवशी नवे पुरळ दिसले, त्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहिलेली होती आणि आदल्या दिवशी जे जे पोटात गेले त्याला गोल केलेला होता. लेखापरीक्षकालाही जमणार नाही अशा काटेकोरपणे ती स्वतःवर पाळत ठेवत होती. मी पाने उलटत गेले.

"या पानावर वरणभाताला गोल केलाय."

"हो, दुसऱ्या दिवशी हनुवटीवर आलं होतं."

"आणि इथे पेरूला. इथे नुसत्या पाण्याला."

तिने वही माझ्या हातून घेतली, आठ-दहा पाने स्वतः चाळली आणि स्कार्फआडून हसण्याचा आवाज आला. "मॅडम, गोल नाही असं काहीच उरलं नाही की."

"तुझा भाऊ काय खातो?"

"तेच. वर रोज क्लासवरून येताना वडापाव." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "त्याच्या तोंडावर एक फोड नाही."

अशा क्षणी समुपदेशकाला समजावून सांगण्याचा मोह होतो. तो मी आवरला आणि सुमारे मिनिटभर गप्प राहिले. त्या एका मिनिटाचे मला आजही समाधान वाटते, कारण पुढचा प्रश्न तिने स्वतःहून विचारला. "मग कालच्या खाण्यानं आज येत नाही का?" विचारता विचारताच तिने स्कार्फची गाठ सैल केली. ते तिच्या लक्षात आले नाही, आणि मीही आणून दिले नाही.

कालच्या खाण्याने आज पुरळ येत नाही, हे तिला सांगण्याची वेळ आता आली होती. वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरके, जी मुलांप्रमाणेच मुलींच्याही शरीरात असतात, त्वचेतील तैलग्रंथींना मोठे करतात आणि त्या अधिक तेल स्रवू लागतात. कढईतले तेल चेहऱ्यावर येत नाही. चेहऱ्याचे तेल तिथल्या तिथेच तयार होते. त्याच वेळी रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत तेल साठते, सर्वांच्याच त्वचेवर राहणारे जंतू तिथे वाढतात आणि सूज येते. काळ्या टोकाच्या पुटकुळ्यांचा काळेपणा हा मळ नसतो, तर हवेशी संपर्क आलेले रंगद्रव्य असते. त्यामुळे दगडाने किंवा खरखरीत स्क्रबने घासून तो निघत नाही, उलट त्वचा सोलवटते. आणि मृण्मयीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की आज दिसणाऱ्या फोडाचे बूच कित्येक आठवडे आधी, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थेत बसू लागलेले असते. वही दिवसांचा हिशेब ठेवत होती आणि त्वचेचे घड्याळ आठवड्यांचे होते. अकरा महिने ती चुकीच्या दिवसाचे साक्षीदार तपासत होती.

आहाराचा काहीच संबंध नाही, असे मात्र मी सांगत नाही. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, दूध आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी व्हे प्रोटीनची पावडर यांमुळे काहींचे पुरळ वाढते. कपाळावर बारीक पुरळ असेल तर केसांना चोपडलेले खोबरेल तेल तिथपर्यंत उतरते का, हेही पाहावे. परंतु वाढवणारी गोष्ट आणि घडवणारी गोष्ट यांत फरक आहे, आणि घडवण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी मोठ्या विश्वासाने सांगितले होते, "ताण घेऊ नकोस, पुरळ आपोआप जाईल." महिन्याने ती परत आली तेव्हा ताण येत असल्याचाच तिला ताण आलेला होता. भज्यांच्या जागी मी तिच्या मनाला आरोपी केले होते, एवढेच. स्टॅनफर्ड विद्यापीठात 22 विद्यार्थ्यांची परीक्षेआधी आणि परीक्षेच्या काळात तपासणी करून 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि ज्यांचा ताण अधिक वाढला त्यांचे पुरळही अधिक बळावल्याचे त्यात आढळले. याचा अर्थ ताणामुळे आधीचे पुरळ बळावू शकते एवढाच घ्यावा. आमच्या व्यवसायातील काही मंडळी त्यापुढे जाऊन पुरळ हे दडपलेल्या भावनांचे रूप आहे असे सांगतात, ते मला मान्य नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीचे बोट धरून मी काम करते, आणि मराठीत तर ही विचारसरणी एका अक्षरात सांगता येते. "चेहरा स्वच्छ असावा" ही इच्छा आहे, तिच्यासाठी माणूस औषध घेतो, वाट पाहतो. "चेहरा स्वच्छ असायलाच हवा" म्हटले की त्या 'च'मुळे आरशापुढे न्यायालय भरते. मृण्मयी दिवसाला किती वेळा आरसा पाहते, हे मी तिला मोजायला सांगितले. मोबाइलचा कॅमेरा धरून आकडा चौतीस निघाला, आणि त्यातल्या बहुतेक वेळा बोट फोडावर जात होते. फोड पिळल्याने सूज खोलवर जाते आणि खड्डा राहण्याची शक्यता वाढते, शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, हे तिला पाठ होते. माहिती नव्हती म्हणून नव्हे, तर फोड 'आत्ताच' जायला हवा म्हणून ती पिळत होती.

दरम्यान डॉक्टरांनी स्टेरॉइडची क्रीम आपल्या देखरेखीखाली थांबवली, आधी सौम्य मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर त्वचा शांत केली, काही आठवडे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि मग रात्री लावायला अ‍ॅडापलीन सुरू केले. मटाराच्या दाण्याएवढे औषध फोडापुरते न लावता साऱ्या चेहऱ्यावर लावायचे असते, कारण ते पुढच्या आठवड्यांत येऊ घातलेल्या, न दिसणाऱ्या बुचांसाठी असते. त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सुरुवातीला त्वचा कोरडी पडून पुरळ थोडे वाढल्यासारखेही वाटते. बहुतेक जण नेमके याच काळात "हे औषध मला सूट होत नाही" म्हणत डॉक्टर बदलतात. मृण्मयीने तिसऱ्या आठवड्यात मला तेच सांगितले.

"औषध सोडावं म्हणते."

"किती दिवस झाले?"

"एकवीस."

"आज दिसतंय त्या फोडाचं बूच कधी बसलं असेल?"

तिने बोटांवर मोजले. "औषधाच्या आधी."

मग आम्ही ठरवले की आरसा सकाळी आणि रात्री, हातभर अंतरावरून पाहायचा आणि फोटो चार आठवड्यांतून एकदाच, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढायचा. दुसरी गोष्ट तिला अधिक अवघड गेली: गल्लीच्या टोकाच्या वाण्याकडे स्कार्फ न बांधता जाऊन पाव किलो शेंगदाणे आणायचे आणि किती जण रोखून पाहतात ते मोजायचे. परत येऊन तिने काहीशा निराशेने सांगितले, "वाण्यानं सुट्टे पैसे नाहीत म्हणून कटकट केली, पण तोंडाकडे बघितलंच नाही."

आईंशी वेगळे बोलणे भाग होते. त्यांच्या गालांवरचे बुजलेले खड्डे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि त्या विषयाला हात घालायला योग्य वेळेची वाट पाहत होते. आनुवंशिकतेचा उल्लेख करताच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच की ओ." स्थळे येऊ लागली होती, आणि स्वतःला पाहायला आलेल्या लोकांनी पंचवीस वर्षांपूर्वी काय म्हटले होते, ते त्या शब्द न शब्द बोलून दाखवू शकत होत्या. मी विचारले, "तिची उंची तुमच्यावर गेलीय, त्याबद्दल कधी तिची माफी मागितलीत का?" त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग म्हणाल्या, "तेव्हा डॉक्टरकडे न्यायचं कुणाला सुचलंच नाही." तळण त्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले.

सर्वांची वाट हीच असेल असे नाही. पुरळ जबड्याच्या कडेने येत असेल, पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर केस वाढत असतील तर पीसीओएसची, म्हणजे स्त्रियांमधील संप्रेरकांच्या असमतोलाच्या विकाराची, तपासणी करून घ्यावी. क्षयरोगावरील आयसोनियाझिड किंवा पोटात घेतलेली स्टेरॉइड यांसारख्या औषधांमुळेही पुरळ येते, त्यामुळे चालू असलेली सारी औषधे डॉक्टरांना सांगावीत. गाठी आणि खड्डे पडणाऱ्या तीव्र पुरळावर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचे औषध फार गुणकारी आहे, परंतु त्या काळात गर्भ राहिल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ते कधीही घेऊ नये. आणि मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडणे बंद करत असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर पुरळ सौम्य आहे की तीव्र हे पाहत न बसता मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी भेटावे. दुःखाचे माप फोडांच्या संख्येवर ठरत नाही.

चौथ्या महिन्यात मृण्मयीचे दोन फोटो आम्ही शेजारी ठेवून पाहिले. डाग होते, पाळीच्या आधी हनुवटीवर एक-दोन फोड येतच होते, पण गाल शांत झाले होते. डॉक्टरांनी आता औषधांत बेन्झॉइल पेरॉक्साइडची भर घातली होती. पंधरा दिवसांनी आईंचा फोन आला. नव्या निळ्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरे डाग पडले होते, कितीही धुतले तरी जात नव्हते. त्या औषधाने कापडाचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वापरायला द्या, असे मी सांगितले.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मी आपली दोन दिवस विचार करतेय, माझ्याच धुण्यात काय चुकतंय."