हॉटेलवरचा लेख खरा की पैसे देऊन लिहून घेतलेला, हे वाचताना कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला बदलून येऊन आठ महिने झाले, पेपरची पुरवणी आणि इन्स्टा बघून हॉटेल निवडता आणि चारातल्या तीन वेळा पस्तावता. जाण्याआधी, नुसतं वाचून काही कळतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

कळतं. मी इथल्या एका दैनिकाच्या पुरवणीत सहा वर्षं उपसंपादक होते. असे लेख मी लावलेत, लिहिलेतही. म्हणून आतलं सांगते.

आधी हा मजकूर तयार कसा होतो ते बघा. नवं हॉटेल उघडणार असलं की जाहिरात विभागाकडून निरोप यायचा, ‘अर्धं पान जाहिरात आहे, सोबत मजकूर द्यायचाय’. मजकूर म्हणजे मालकाच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वीस ओळी, आठ फोटो आणि मेन्यूकार्ड. मी डेस्कवर बसून त्यावरून हात फिरवायचे. ‘चोखंदळ खवय्यांच्या पसंतीस उतरलेले’ हे शब्द पानावर लागायचे तेव्हा त्या हॉटेलात अजून एकही ताट वाढलेलं नसायचं. तालुक्याच्या वार्ताहराचं तर आणखी अवघड. मानधन नावापुरतं, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर, आणि वर्धापनदिनाच्या विशेषांकाचं टार्गेट डोक्यावर. ज्याच्या दारात पुढच्या महिन्यात जाहिरात मागायला जायचंय, त्याची भाजी खारट होती असं तो कसं लिहिणार? मला त्याचा राग नाही. पण वाचणाऱ्याला हे ठाऊक असलं पाहिजे.

आमच्या शेजारी एक काका राहायचे, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ते सुना-नातवंडांसकट सगळ्यांना माझा लेख वाचून एका गार्डन रेस्टॉरंटला घेऊन गेले. पाऊण तास ताटकळले, पनीर आंबलेलं निघालं, काकूंना रात्री उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी काका भांडायला आले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तू गेली होतीस तेव्हा बरं होतं का गं?’’ मी म्हटलं, ‘‘काका, मी तिथे गेलेच नव्हते.’’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मग खाली नाव तुझं कसं?’’

त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण तेव्हापासून हॉटेलावरचं काहीही वाचताना मी एकच गोष्ट शोधते: मालकाला खटकेल असं एक तरी वाक्य यात आहे का? जागा लहान आहे, पार्किंगची पंचाईत होते, भाकरी उशिरा येते, सोलकढी पातळ होती, काहीही चालेल. पैसे मोजून जेवलेल्या माणसाला एखादी तरी गोष्ट खुपतेच. सातशे शब्दांत काहीच खुपलं नसेल, तर लिहिणारा जेवला नाही किंवा त्याचं बिल दुसऱ्याने दिलं.

मिसळीचंच घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच छापून येतं. गंगापूर रोडला, मखमलाबादकडे एवढ्या मिसळीच्या बागा झाल्यात की दर रविवारी कुणाचं तरी कौतुक असतंच. मजकुरात काय असतं? निसर्गरम्य परिसर, मुलांसाठी झोके, सेल्फी पॉइंट, प्रशस्त पार्किंग, चुलीवरची अस्सल चव. यातली एकही गोष्ट लिहायला मिसळ तोंडात घालावी लागत नाही. जो खाऊन आलाय तो वेगळं बोलतो. काळा मसाला जळका लागला की नीट भाजलेला, मटकी अख्खी होती की शिजून लगदा झालेली, दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा गरम आला की कोमट, त्याचे वेगळे पैसे लावले का, पाव ताजा होता का. आणि दर. दर लिहायला जे बिचकतात, त्यांनी बहुतेक बिल पाहिलेलंच नसतं.

वाइनरी आणि रिसॉर्टच्या लेखांत पैशांपेक्षा पाहुणचार चालतो. दोन दिवसांची राहण्याची सोय, जेवण, नेण्या-आणण्याला गाडी. हा लेखही विकतचाच, फक्त पाकीट दिसत नाही. इथे नाशिककरांना एक सोपी खूण मिळते. आपल्याकडे द्राक्षाची एक छाटणी एप्रिलच्या सुमाराला आणि दुसरी, फळाची, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पिकलेले घड वेलीवर दिसतात ते साधारण डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत. म्हणून जुलैत ‘नुकतंच जाऊन आलो’ असं सांगणाऱ्या लेखात काळेभोर घड लटकताना दिसले, तर तो फोटो रिसॉर्टनेच पाठवलाय. मग मजकूर कुठून आला असेल, ते तुम्हीच ठरवा.

पानावरच्या खुणाही असतात, पण बारीक अक्षरात. ‘प्रायोजित’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘ॲडव्हर्टोरियल’ (म्हणजे लेखाच्या वेषातली जाहिरात), कधी लेखकाच्या नावाच्या जागी नुसतं ‘वाणिज्य प्रतिनिधी’. काही इंग्रजी पुरवण्यांच्या तर नावाखालीच ‘ॲडव्हर्टोरियल, एंटरटेनमेंट प्रमोशनल फीचर’ असं छापलेलं असायचं, आणि वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांची नजरही तिथे गेलेली नसायची. टाइम्स समूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ सुरू करून पुरवणीतली अशी जागा उघडपणे विकायला काढली. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, एवढा गदारोळ झाला की प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, पण चर्चेचा भर उमेदवारांच्या बातम्यांवरच होता. हॉटेलांच्या पानाला कुणी पेड न्यूज म्हणत नाही, आणि मला ते बरोबर वाटत नाही. काकांचे पैसे आणि काकूंची तब्येत काही खोटी नव्हती.

दोन-तीन पेपर घेत असाल तर आणखी एक करा. लेखातलं एक सजवलेलं वाक्य दुसऱ्या पेपरात शोधा. शब्दाला शब्द तेच सापडलं तर दोघांनाही एकच प्रेसनोट गेलीय. त्याच आठवड्याच्या पानांवर त्या हॉटेलची जाहिरात आहे का, तेही बघा.

इन्स्टाच्या रील्सना मात्र आता स्पष्ट नियम आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘ॲस्की’ हिने १४ जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरना लेबल लावणं बंधनकारक केलं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने आणखी उलगडून सांगितलं की नुसते पैसेच नव्हे, तर फुकट जेवण, सवलत, राहण्याची सोय, नातं, हे सगळं उघड करायला हवं. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तरीही ‘कोलॅब’, म्हणजे हॉटेलशी ठरवून केलेलं, हा शब्द वीस हॅशटॅगच्या ढिगात पुरलेला असतो. कॅप्शन शेवटपर्यंत उघडून वाचायची सवय लावा. ‘थँक यू फॉर हॅविंग अस’ असं म्हटलं असेल, तर त्यांना बोलावलं होतं.

गूगलच्या ताऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. पाच तारे सोडून तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, खरं काय ते तिथे सापडतं.

आणि सगळे लेख विकाऊ असतात असं कृपा करून समजू नका. मागच्या महिन्यात पंचवटीतल्या एका जुन्या मिसळवाल्यावर एका नव्या मुलीने लिहिलं होतं. बाकं डगमगतात, सुट्टे नसले तर मालक वैतागतो, दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर कोमट येतो, पण मसाला रोज घरी वाटतात आणि ते पहिल्या घासाला कळतं. मी पुढच्याच रविवारी गेले. मुद्दाम दुसऱ्यांदा रस्सा मागितला. कोमटच आला. आणि मसाल्याबद्दल तिने लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं.